गुणांची सीमारेषा आणि प्रज्ञावंतांचा शोध

निवड परीक्षेच्या निकालाचा दिवस विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या सर्वांच्याच दृष्टीने महत्त्वाचा असतो. शाळेच्या फलकावर यादी लागते. यादीत ज्याचे नाव सर्वात शेवटी असते त्याचे अभिनंदन होते आणि ज्याचे नाव एका गुणाने हुकले त्याची समजूत घातली जाते. पहिल्याला विशेष शिक्षणाची, शिष्यवृत्तीची अथवा निवासी शाळेची वाट मोकळी होते. दुसऱ्याच्या मनात मात्र आपण हुशार नाही ही भावना घर करण्याचा संभव असतो. या दोन मुलांच्या बुद्धीत खरोखरच काही अंतर आहे काय, हा प्रश्न अनुभवी शिक्षकांना नेहमीच पडत आला आहे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ गुणपत्रिका चाळून मिळत नाही. गुण दिसतात, परंतु त्यामागील क्षमता दिसत नाही. म्हणूनच शिक्षणशास्त्रातील संशोधकांनी एक वेगळा मार्ग अवलंबिला आहे. ज्यांची खरी क्षमता आधीच ठाऊक आहे असे हजारो कल्पित विद्यार्थी संगणकावर निर्माण करावयाचे, त्यांची कल्पित परीक्षा घ्यावयाची, आणि निवडीची पद्धत योग्य मुलांना कितपत हुडकून काढते हे मोजावयाचे. या पद्धतीस सदृशीकरण किंवा सिम्युलेशन असे म्हणतात. अमेरिकेत प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या विशेष शिक्षणक्रमांच्या संदर्भात ती विशेषत्वाने वापरली गेली असून तिचे निष्कर्ष निवड परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने विचारात घ्यावेत असे आहेत.

गुण आणि क्षमता

कोणत्याही परीक्षेत मिळालेला गुण दोन भागांचा बनलेला असतो. एक भाग विद्यार्थ्याच्या खऱ्या क्षमतेचा आणि दुसरा योगायोगाचा. त्या दिवशीची प्रकृती, रात्रीची अपुरी झोप, नेमका सरावातला प्रश्न येणे, अंदाजाने केलेली खूण बरोबर ठरणे, अशा अनेक कारणांनी गुण खऱ्या क्षमतेच्या थोडा वर किंवा थोडा खाली जातो. योगायोगाचा हा भाग जितका लहान तितकी परीक्षा अधिक विश्वसनीय. विश्वसनीयता शून्य ते एक या मापाने सांगितली जाते. ०.९० विश्वसनीयता असलेली कसोटी उत्तम प्रतीची मानली जाते.

तथापि उत्तम कसोटीही बिनचूक नसते. बुद्ध्यंकाच्या प्रचलित मापनश्रेणीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असते. अशा श्रेणीत ०.९० विश्वसनीयतेच्या कसोटीतही योगायोगाने होणारी चूक सुमारे ४.७ गुणांची असते. म्हणजे ज्याची खरी क्षमता १३० आहे असा विद्यार्थी पुन्हा पुन्हा कसोटीस बसला, तर दर तीन वेळांपैकी साधारण दोन वेळा त्याचे गुण १२५ ते १३५ यांच्या दरम्यान पडतील आणि एक वेळ त्याही बाहेर जातील. निवडीची रेषा १३० वर आखली असेल तर हा विद्यार्थी कधी आत, तर कधी बाहेर राहणार हे उघड आहे.

चिठ्ठ्यांपासून संगणकापर्यंत

कल्पित प्रयोगाची ही रीत संगणकाहून जुनी आहे. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट यांना थोड्या नमुन्यांवरून काढलेला निष्कर्ष कितपत भरवशाचा असतो हे पाहावयाचे होते. त्यांनी ३,००० गुन्हेगारांच्या उंचीची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची उपलब्ध मापे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून काढली, ती नीट मिसळली आणि चार-चार तुकड्यांचे ७५० गट पाडले. मूळ संग्रहाची सरासरी ठाऊक असल्याने प्रत्येक गट तिच्यापासून किती ढळतो हे त्यांना पाहता आले. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी प्रसिद्ध केलेला लेख संख्याशास्त्रात आजही आदराने उल्लेखिला जातो. पुढे १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे स्टॅनिस्लाव उलाम व जॉन फॉन नॉयमन यांनी हीच कल्पना संगणकाच्या साहाय्याने राबविली. तिला ‘माँटे कार्लो पद्धती’ हे नाव मिळाले.

दहा हजार कल्पित विद्यार्थी

समजा, संगणकावर १०,००० कल्पित विद्यार्थी निर्माण केले. बहुसंख्य मध्यम, थोडे अतिशय तल्लख आणि थोडे मंद, अशी त्यांच्या क्षमतेची नेहमीची विभागणी ठेवली. नंतर प्रत्येकाच्या क्षमतेत योगायोगाची भर किंवा घट करून ०.९० विश्वसनीयतेच्या कसोटीवरील गुण तयार केले. निवडीची रेषा १३० गुणांवर ठेवली असता सुमारे २२८ विद्यार्थी तिच्या वर येतात.

आता या २२८ जणांची यादी खऱ्या क्षमतेनुसार पहिल्या असलेल्या २२८ जणांच्या यादीशी ताडून पाहता येते. दोन्ही याद्यांत समान असलेली नावे सुमारे १६० भरतात. म्हणजे प्रत्यक्ष पात्र असलेल्यांपैकी सुमारे ६८ विद्यार्थी यादीबाहेर राहतात आणि तितकेच अन्य विद्यार्थी योगायोगाच्या बळावर आत येतात. येथे कोणी गैरप्रकार केलेला नाही, प्रश्नपत्रिका सदोष नाही, तपासणीत हलगर्जी नाही. तरीही दहांपैकी तीन जागांचा निर्णय चुकतो.

याच विद्यार्थ्यांची तशीच दुसरी कसोटी घेतली तर काय होते? पहिल्या वेळी निवडलेल्या २२८ पैकी सुमारे १३४ जणच पुन्हा १३० च्या वर राहतात. उरलेल्या सुमारे ९४ जणांच्या जागी नवी ९४ नावे येतात. मात्र नव्याने आत येणारे आणि बाहेर जाणारे हे बहुतांशी सीमारेषेजवळचेच असतात. ज्याला १५० गुण आहेत असा विद्यार्थी दुसऱ्या वेळी बाहेर जात नाही आणि ज्याला १०० गुण आहेत असा आत येत नाही. परीक्षा निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. रेषेजवळ तिचा निवाडा डळमळीत असतो, एवढाच तो आहे.

गुण घसरले, दोष कोणाचा?

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. निवडलेल्या २२८ विद्यार्थ्यांची पहिल्या कसोटीतील सरासरी सुमारे १३५.६ असते. दुसऱ्या कसोटीत त्यांचीच सरासरी सुमारे १३२ भरते. दरम्यान त्यांना काही शिकविलेले नाही आणि ते काही विसरलेलेही नाहीत, कारण हे विद्यार्थी कल्पित आहेत. तरीही सरासरी साडेतीन गुणांनी खाली आली.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. समाजात १३० च्या वर क्षमता असलेल्यांपेक्षा १२५ ते १३० च्या दरम्यान क्षमता असलेली मुले संख्येने अधिक असतात. त्यांतील ज्यांना पहिल्या दिवशी नशिबाने साथ दिली ती रेषा ओलांडून आत येतात. नशीब दुसऱ्या दिवशी तशीच साथ देईल असे नाही. त्यामुळे निवडलेल्या गटाचे गुण सरासरीच्या दिशेने थोडे परततात. सर फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांची व त्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांची उंची तपासून हीच प्रवृत्ती दाखवून दिली होती. अतिशय उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी उंच नसतात.

प्रशासनाच्या दृष्टीने याला मोठे महत्त्व आहे. विशेष वर्गासाठी निवडलेल्या मुलांचे गुण पुढील वर्षी उतरले की वर्गशिक्षकाला जाब विचारला जातो. उलटपक्षी, परीक्षेत मागे पडलेल्या मुलांसाठी पूरक वर्ग चालविले आणि पुढील वेळी त्यांचे गुण वाढले की योजनेला यश आले असे अहवालात नमूद होते. दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरू शकतात. अत्युच्च गटाचे गुण आपोआप थोडे खाली येतात आणि अतिनीच गटाचे आपोआप थोडे वर जातात. योजनेचा खरा परिणाम पाहावयाचा असेल तर रेषेच्या लगेच वर राहून निवडल्या गेलेल्या मुलांची प्रगती रेषेच्या लगेच खाली राहिलेल्या मुलांच्या प्रगतीशी ताडून पाहणे हा अधिक न्याय्य मार्ग होय.

शिफारशीची चाळणी

सर्वच मुलांना खर्चिक कसोटी देणे परवडत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी शिक्षकांनी आधी हुशार मुलांची नावे सुचवावीत आणि केवळ त्यांचीच कसोटी घ्यावी अशी प्रथा असते. वरवर पाहता ही काटकसरीची व समंजस व्यवस्था वाटते. कल्पित प्रयोगात मात्र तिचे दुसरे रूप दिसते.

वरील १०,००० विद्यार्थ्यांपैकी शिक्षकांनी १,००० जणांची शिफारस केली, आणि शिक्षकांचे मत व कसोटीचे गुण यांच्यातील सहसंबंध ०.५० इतका मध्यम आहे असे धरले, तर कसोटीत १३० च्या वर जाऊ शकणाऱ्या २२८ पैकी सुमारे १०४ विद्यार्थीच कसोटीपर्यंत पोहोचतात. उरलेल्या १२४ जणांना प्रश्नपत्रिकेचे दर्शनही घडत नाही. शिफारशीची मर्यादा २,५०० पर्यंत वाढविली तर ही संख्या १०४ वरून सुमारे १६४ वर जाते. पहिली चाळणी बारीक असली की नंतरची कसोटी कितीही उत्तम असो, तिचा उपयोग होत नाही. गळालेल्या मुलाची कोठे नोंदही होत नसल्याने ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. मॅथ्यू मॅकबी, स्कॉट पीटर्स व त्यांचे सहकारी यांनी २०१४ व २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत निवडीच्या विविध नियमांची आणि शिफारशीच्या टप्प्याची अशीच गणिती छाननी केलेली आहे.

इतिहासातील एक उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रज्ञावान मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. शिक्षकांनी वर्गातील सर्वात हुशार तसेच वयाने सर्वात लहान मुलांची नावे कळवावयाची आणि नंतर त्यांची बुद्धिमापन कसोटी घ्यावयाची, अशी पद्धत होती. सुमारे दीड हजार मुले निवडली गेली. विल्यम शॉकली व लुईस अल्वारेझ या दोन मुलांची कसोटी झाली, परंतु त्यांची निवड झाली नाही. शॉकली यांना १९५६ चे व अल्वारेझ यांना १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवड झालेल्या मुलांनीही पुढे अनेक क्षेत्रांत नाव कमावले, परंतु नोबेल पारितोषिक त्यांच्यापैकी कोणासही मिळाले नाही. एकदोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे; परंतु रेषेबाहेर राहिलेल्या मुलाचे भवितव्य एका कसोटीने ठरू नये, एवढे त्यावरून म्हणता येईल.

दोन कसोट्या, तीन नियम

एका कसोटीवर विसंबण्याऐवजी दोन कसोट्या घ्याव्यात, हा विचार स्वाभाविक आहे. परंतु दोन कसोट्यांचे गुण कोणत्या नियमाने एकत्र करावयाचे यावर निकाल अवलंबून असतो.

पहिला नियम, दोन्हींत स्वतंत्रपणे १३० च्या वर गुण हवेत. हा नियम कडक, म्हणून चोख वाटतो. प्रत्यक्षात निवड २२८ वरून १३४ पर्यंत घसरते, कारण पात्र विद्यार्थ्याला दोन्ही दिवशी नशिबाची साथ लागते. दुसरा नियम, कोणत्याही एका कसोटीत १३० च्या वर गुण पुरेत. यात सुमारे ३२२ विद्यार्थी आत येतात. पात्र मुले कमी सुटतात, परंतु योगायोगाने येणाऱ्यांची संख्या वाढते. तिसरा नियम, दोन्हींची सरासरी काढून गुणानुक्रमे निवड करावी. सरासरीत एका दिवसाची चूक दुसऱ्या दिवसाने काही अंशी भरून निघते. या नियमाने पहिले २२८ निवडले असता त्यांत खरोखर पात्र असलेले सुमारे १७९ सापडतात. एका कसोटीने १६० च सापडले होते. तेवढ्याच जागांत १९ मुलांना अधिक न्याय मिळतो, आणि त्यासाठी निकष शिथिल करावा लागत नाही.

कल्पित गुणांच्या मर्यादा

सदृशीकरणाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. वरील प्रयोगात योगायोगाची चूक सर्व मुलांना सारखीच लागू होते असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात सर्व चुका योगायोगाच्या नसतात. घरी पुस्तके नसणे, शाळेची भाषा घरच्या भाषेहून निराळी असणे, हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर करावे लागणे, यांमुळे एखाद्या मुलाची क्षमता दर वेळी कमीच मोजली जाते. अशी चूक दोन काय, दहा परीक्षांची सरासरी काढूनही जात नाही. तिच्यासाठी प्रत्यक्ष समाजातील अनुभवाकडेच वळावे लागते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्याचा अनुभव येथे उद्‌बोधक आहे. तेथे पालक व शिक्षक यांच्या शिफारशीवरून मुलांची बुद्धिमापन कसोटी घेतली जात असे. २००५ मध्ये जिल्ह्याने दुसरीच्या सर्वच मुलांना शब्दांचा आधार न लागणारी, आकृत्यांची एक छोटी कसोटी देण्यास प्रारंभ केला आणि तीत चमकलेल्या मुलांना पुढील कसोटीसाठी पाठविले. प्रज्ञावान ठरण्याचा अंतिम निकष बदलला नव्हता. तरीही गरीब कुटुंबांतील, कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक वंशाच्या मुलांचे निवडीतील प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले. पुढे आर्थिक चणचणीमुळे ही व्यवस्था मागे पडताच जुनी तफावत पुन्हा दिसू लागली. डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले पूर्वीही शाळेत होतीच. त्यांच्याकडे पाहिले गेले नव्हते.

महाराष्ट्रातील संदर्भ

अमेरिकेतील विशेष वर्गांसारखी व्यवस्था महाराष्ट्रात सरसकट नसली, तरी गुणांच्या रेषेवर निवड करणाऱ्या परीक्षा येथेही आहेत. ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली. त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे महाराष्ट्रातील अमरावती येथे होते. सहावीतील प्रवेशासाठी एकच निवड परीक्षा असते, ती प्रादेशिक भाषेतून देता येते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. एका विद्यार्थ्याला ही परीक्षा एकदाच देता येते. सीमारेषेजवळच्या मुलाला दुसरी संधी नसते, ही बाब वरील विवेचनाच्या प्रकाशात विशेष ध्यानात येते.

आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साधन-तथा-गुणवत्ता शिष्यवृत्ती योजनेत आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी बौद्धिक क्षमता आणि शालेय प्रावीण्य अशा दोन कसोट्या असतात. दोन्हींचे एकत्रित गुण धरले जातात. म्हणजे सरासरीच्या नियमाचे तत्त्व येथे अंगीकारलेले आहे. मात्र अशा परीक्षांचे अर्ज कोणत्या मुलांचे भरावयाचे, हे पुष्कळदा शाळेतच ठरते. ‘याला काही जमणार नाही’ असे म्हणून ज्याचा अर्ज भरला गेला नाही, तो विद्यार्थी शिफारशीच्या चाळणीतच गळाला. येथे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व शाळा व्यवस्थापन समिती यांची जबाबदारी मोठी आहे. पात्र असलेल्या प्रत्येक मुलाला परीक्षेस बसविणे ही पहिली चाळणी रुंद करण्याची सोपी रीत होय. अर्जाची माहिती वाडीवस्तीपर्यंत पोहोचविण्यात ग्रामपंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

पंचवीस चिठ्ठ्यांचा प्रयोग

हे तत्त्व समजून घेण्यास संगणकाची आवश्यकता नाही. शिक्षण परिषदेत अर्ध्या तासात पुढील प्रयोग करता येईल. पंचवीस चिठ्ठ्यांवर ७६ पासून १०० पर्यंतचे आकडे लिहावेत. ही मुलांची खरी क्षमता. प्रत्येक चिठ्ठीसाठी दोन फासे टाकून पडलेली बेरीज तिच्या आकड्यात मिळवावी. हे परीक्षेचे गुण. सर्वाधिक गुणांच्या दहा चिठ्ठ्या निवडाव्यात. बरोबरी झाल्यास चिठ्ठी उचलून निर्णय करावा. नंतर फासे पुन्हा टाकून दुसरी यादी करावी. दोन याद्यांत साधारणपणे एकदोन नावे बदललेली आढळतील. कधी एकही बदलणार नाही, कधी तीनही बदलतील. मग दोन्ही वेळच्या गुणांची बेरीज करून तिसरी यादी करावी आणि ती ९१ ते १०० या दहा चिठ्ठ्यांशी ताडून पाहावी. प्रयोग अनेक वेळा केल्यास बेरजेची यादी सत्याच्या अधिक जवळ जाते, हे प्रत्ययास येईल.

जागा मर्यादित असतात, तेव्हा कोठेतरी रेषा आखावीच लागते. रेषा आखणे हा अन्याय नव्हे. परंतु प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेल्या रेषेला मुलाच्या बुद्धीवरचा अंतिम निवाडा समजणे हा मात्र अन्याय ठरेल. पहिली चाळणी रुंद ठेवणे, शक्य तेथे एकाहून अधिक कसोट्यांचे गुण एकत्र धरणे आणि सीमारेषेजवळ राहिलेल्या मुलांची नोंद ठेवून त्यांना पुढील संधी देणे, या तीन गोष्टी शिक्षण यंत्रणेच्या आवाक्यातील आहेत. निकालाच्या दिवशी एका गुणाने मागे राहिलेल्या मुलाला शिक्षकांनी हे हिशेबासह समजावून सांगितले, तर ते मूल पुढील परीक्षेस आत्मविश्वासाने बसेल.